मोकळं केलं म्हणता, मग सांभाळतंय कोण?

मनोरुग्णालयांविरुद्ध बोलणं हे आपल्या सुशिक्षितांमध्ये पुरोगामीपणाचं सगळ्यात स्वस्त प्रमाणपत्र झालं आहे. परिसंवादात उठायचं, ‘भिंती पाडा, माणसाला माणसांत आणा’ म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या, चहा-बिस्किटं खाऊन घरी जायचं. ज्याला माणसांत आणायचं तो रात्री झोपणार कुठं, त्याला गोळी देणार कोण, बरं वाटतंय म्हणून चौथ्या महिन्यात त्यानं गोळी बंद केली तर त्याला धरून दवाखान्यात नेणार कोण, असं कुणी विचारलं की अध्यक्ष घड्याळाकडे बघतात.

मी विचारणारच, कारण हे प्रश्न माझ्या काउंटरवर येऊन उभे राहतात. धारवाडात सुभाष रोडवर माझं औषधांचं दुकान आहे. हा रस्ता पुस्तकवाल्यांना मनोहर ग्रंथमालेच्या माळ्यामुळे ठाऊक, बाकीच्यांना बाजारामुळे. पण बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत धारवाड म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, पेढा आणि वेड्यांचं इस्पितळ. (जी. ए. कुलकर्णी इथं राहिले ही तिसरी, पण ती वाचणाऱ्यांपुरती.) इस्पितळ १८४५ सालचं, कंपनी सरकारच्या काळातलं. आता त्याचं नाव डिमहान्स, बेळगाव रोडवर आहे. १९५६ मध्ये हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला, पण आजारी माणसांनी राज्य पुनर्रचनेची दखल घेतली नाही. खानापूर, निपाणी, चंदगडकडचे लोक अजून इकडंच येतात आणि परतीच्या एसटीआधी बाजारात औषधं शोधतात.

खानापूरकडच्या एक मावशी महिन्याला येतात. मुलगा तिशी ओलांडलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याच्या जुन्या चिठ्ठ्या, रबर बँड लावलेल्या. ओलान्झापिन, सोबत हातपाय आखडू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. पैसे कमी पडले तर स्वतःची रक्तदाबाची गोळी ‘पुढल्या वेळेला’ म्हणून मागं सारतात, मुलाची कधीच नाही. एकदा हळूच विचारलं, ‘अण्णा, चहात घातली तर गोळीची ताकद जाते काय हो?’ मी म्हटलं, ‘मावशी, चोरून देऊ नका, डॉक्टरांना विचारा.’ त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर म्हणतील, त्याला समजावून सांगा. समजला असता तर गोळी कशाला लागली असती?’

मी चिठ्ठीवर शिक्का मारला. दुसरं काय करणार?

या बाई भातलावणीला जाताना दाराला बाहेरून कडी घालतात. म्हणजे रुग्णालयातला वॉर्डबॉय, परिचारिका, स्वयंपाकी आणि रखवालदार, चारही पदं त्यांच्याकडे आहेत, बिनपगारी, रजेशिवाय, वय साठीच्या पुढं. परिसंवादात ज्याला ‘समाजाधारित उपचार’ म्हणतात ते बहुतेक ठिकाणी हेच असतं. समाज म्हणजे घर, घर म्हणजे आई. आई नसेल तर बहीण, आणि बहिणीचं लग्न झालं की रस्ता.

आपल्याकडे मनोरुग्णालय बंद करायला कुलूप लागत नाही. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मंजूर खाटा चारही मिळून साडेपाच हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटींवर होती. त्या खाटांतल्या बऱ्याचशा अशा माणसांनी अडलेल्या, ज्यांना आजार राहिलेला नाही पण घरही राहिलेलं नाही. नवा रुग्ण आला की त्याला दाखल करायचं, जरा शांत झाला की चिठ्ठी देऊन घरी पाठवायचं आणि पुढचा घ्यायचा. फाटक उघडंच असतं. आत राहायला जागा नाही आणि बाहेर पाठवायला ठिकाण नाही, याला मी बंदच म्हणतो. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मनोविकार संस्थेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१६ मध्ये सांगितलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. दहातल्या सात ते नऊ जणांच्या बाबतीत जे उघडलंच नाही, ते बंद करावं की नाही यावर आपण वाद घालतो आहोत.

आता कायद्याकडे वळू. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. कायदा चांगला आहे, हे मी उपरोधानं म्हणत नाही. साखळदंड त्यानं बेकायदा ठरवले, भूल न देता विजेचे झटके देणं बंद केलं, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढायचा प्रयत्न केला. पण त्याचं कलम १९ शांतपणे वाचा. कुणाला घर नाही, घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणासाठी त्याला रुग्णालयात ठेवता येणार नाही. छान. मग बाहेरची सोय? तीही त्याच कलमात आहे. हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्यामधला निवारा), गटनिवास वगैरे सरकारनं उभारावेत. कधी? ‘वाजवी मुदतीत’. म्हणजे बाहेर पडण्याचा हक्क आजपासून आणि बाहेर पडल्यावर डोक्यावरचं छप्पर वाजवी मुदतीत. माझ्याकडून उधारीवर औषध नेणारं गिऱ्हाईकसुद्धा यापेक्षा नेमका वायदा करतं.

या वाजवी मुदतीत काय होतं, ते महाराष्ट्रानं करून दाखवलं. बऱ्या झालेल्या रुग्णांचं पुनर्वसन करा, असं सर्वोच्च न्यायालय गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत राज्यांना बजावत होतं. त्या पुरोगामी राज्यानं काय केलं? मनोरुग्णालयातली माणसं भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवायला सुरुवात केली. कागदावर पुनर्वसन, प्रत्यक्षात पत्ता बदल. २०२१ च्या जुलैत न्यायालयानं हे ताबडतोब थांबवा म्हणून सुनावलं, तेव्हा कुठं थांबलं. आजारपणात गमावलेल्या आयुष्याची भरपाई म्हणून सरकारनं बऱ्या झालेल्या माणसाला भिकारी हा हुद्दा देऊ केला होता, आणि या कल्पनेवर कुणीतरी अधिकाऱ्यानं ‘मंजूर’ असं लिहून सही केली असणार.

जगात हे प्रयोग आपल्या आधी होऊन गेलेत. अमेरिकेत १९५५ मध्ये राज्यांच्या मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. क्लोरप्रोमाझिन हे औषध नुकतंच आलं होतं, गोळी घेऊन माणूस घरी राहू शकेल अशी आशा होती, आणि आशा खोटी नव्हती. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूवर १९४१ मध्ये शस्त्रक्रिया होऊन ती कायमची परावलंबी झाली होती, तेव्हा तळमळ खरी असणार. तीन आठवड्यांनी त्यांचा खून झाला. दीड हजार केंद्रं उभी राहायची होती, निम्मीच झाली. रुग्णालयं मात्र वेळापत्रकाच्या पुढं धावत रिकामी झाली, कारण रिकामं करण्यात राज्यांचे पैसे वाचत होते आणि उभारण्यात जाणार होते. आज त्या देशात लॉस एंजेलिस, शिकागो, न्यूयॉर्क इथले तुरुंग हीच सगळ्यात मोठी मनोरुग्णालयं म्हणून ओळखली जातात. रुग्णालयाची भिंत पाडली, त्याच विटांनी तुरुंगाची बांधली.

आणि दक्षिण आफ्रिका. हे प्रकरण आपल्याकडे फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही. ते प्रत्येक आरोग्य सचिवाच्या टेबलावर काचेखाली असायला हवं. गौटेंग प्रांताच्या सरकारनं २०१५ मध्ये लाइफ एसिडिमेनी या खासगी संस्थेबरोबरचा करार संपवला. कारणं तीच, खर्च कमी करायचा आणि रुग्णांना समाजात न्यायचं. सतराशेच्या आसपास माणसं तिथून हलवली गेली आणि त्यातली पुष्कळशी २७ स्वयंसेवी संस्थांकडे पोचली. आरोग्य लोकपालांनी नंतर चौकशी केली तेव्हा आढळलं की या सत्तावीसच्या सत्तावीस संस्थांचे परवाने वैध नव्हते. काही रुग्णांना उघड्या गाडीत चादरींनी बांधून नेलं होतं. कोण कुठं गेलं हे नातेवाइकांना कळवलेलं नव्हतं. अन्न नाही, पांघरूण नाही, औषधाची चिठ्ठी मागंच राहिलेली. १४४ माणसं मेली. वेडानं नव्हे. भुकेनं, थंडीनं, पाण्यावाचून आणि अंगावर जखमा चिघळून. माजी उपसरन्यायाधीश डिकगांग मोसेनेके यांनी २०१८ मध्ये नुकसानभरपाई ठरवली, आणि २०२४ मध्ये न्यायालयीन चौकशीनं प्रांताच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना नऊ मृत्यूंसाठी जबाबदार धरलं. रुग्णांना बाहेर नेण्याचं धोरण तिथंही पुस्तकातलं, उदात्तच होतं.

मग इटली, असं म्हणायला कुणीतरी हात वर करेल. करा. तिथले मानसोपचारतज्ज्ञ फ्रँको बासालिया यांचं नाव आपल्याकडे फार घेतलं जातं, त्यांनी काय केलं ते फार सांगितलं जात नाही. ते १९७१ मध्ये ट्रिएस्टेच्या इस्पितळात आले तेव्हा आत बाराशेच्या घरात माणसं होती. त्यांनी रुग्णांची कामगार सहकारी संस्था काढली, आधी फुकटात राबवून घेतलेल्या कामाला पगार लावला. शहरात वस्तीवस्तीत केंद्रं उघडली, चोवीस तास चालणारी, आत खाटा असलेली. राहायला घरं मिळवली. रुग्णांनी निळा लाकडी घोडा तयार करून १९७३ मध्ये शहरातून मिरवला, तोही पुढं प्रसिद्ध झाला. मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा आला १९७८ मध्ये आणि ट्रिएस्टेचं इस्पितळ बंद झालं त्यानंतर. म्हणजे सात-आठ वर्षं बाहेरचं बांधकाम आणि मग आतलं कुलूप. आपले लोक या गोष्टीतलं कुलूप तेवढं उचलतात.

आता सार्वजनिक सुरक्षिततेचं. इथं दुसऱ्या बाजूचे शहाणे येतात. बाजारपेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो, केस वाढलेला, अंगावर पोतं, आणि खाली मजकूर, ‘सावध राहा, आया-बहिणींना धोका’. एखाद्या पायरीवर कुणी झोपलेलं असलं की सकाळी शटर उघडताना आधी बादलीभर पाणी. गावात जत्रा असली, मंत्री येणार असला, की असे लोक एका रात्रीत दिसेनासे होतात. टेम्पोत घालून हद्दीबाहेर सोडायचं, हे कुठल्याही शहराला शिकवावं लागत नाही. धारवाडचा हावेरीत, हावेरीचा दावणगेऱ्यात. वेड्यांची ही फिरती बदली कुठल्याही आरोग्य खात्यापेक्षा नियमित चालते.

धोका अजिबात नसतो, असं मी म्हणणार नाही. भ्रम तीव्र आहे, उपचार सुरूच झालेला नाही किंवा मध्येच सुटला आहे आणि वर दारू आहे, अशा वेळी हात उगारला जातो, कधी शस्त्रही उचललं जातं. पण मार बहुतेकदा कुणाला बसतो? बाजारातल्या आया-बहिणींना नव्हे, त्याच्या स्वतःच्या आईला. त्या मावशींच्या मनगटावरचा व्रण मी पाहिला आहे, त्या त्याला ‘विळी लागली’ म्हणतात. अमेरिकेत मॅकार्थर फाउंडेशनच्या अभ्यासानं १९९८ मध्ये दाखवलं की मनोरुग्णालयातून बाहेर आलेली, पण दारू किंवा नशेच्या आहारी न गेलेली माणसं त्यांच्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक नसतात. धोका आजाराबरोबर वाढत नाही, तो उपचार तुटण्याबरोबर वाढतो. म्हणजे तुम्हाला सुरक्षितता हवी असेल तर त्याला गोळी मिळायला हवी, बादलीभर पाणी नव्हे. हे सांगितलं की ग्रुपवर दोघेतिघे हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि विषय क्रिकेटकडे जातो.

आणि उलट बाजू कुणी मोजतच नाही. रस्त्यावरच्या मनोरुग्ण बाईला कुणापासून धोका आहे, हे लिहायलाही लाज वाटते. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा २०१८ मध्ये देशभर फिरली, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावानं भिक्षुकीवर जगणाऱ्या भटक्या जमातीचे पाच जण ठेचून मारले. ते मनोरुग्ण नव्हते, अनोळखी होते, तेवढा गुन्हा पुरला. त्याच अफवेत इतर राज्यांत मार खाऊन मेलेल्यांत स्वतःचं नाव-गाव सांगता न येणारे मनोरुग्णही होते. आपण कोण आहोत हे सांगता न येणं हाच ज्याचा आजार, त्यानं जमावाला काय उत्तर द्यायचं?

तुरुंगाचं तर बोलायलाच नको. कुठलाही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून १९९३ मध्ये वदवून घ्यायला आपल्या पत्रकार शीला बारसे यांना लढावं लागलं. त्याआधी ‘सुरक्षित कोठडी’ या गोंडस नावाखाली ते सर्रास चाले.

कुणी म्हणेल, याला जुने वेड्यांचे वाडे परत हवेत. नकोत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं १९९९ मध्ये निमहान्सकडून देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी करून घेतली, तेव्हा कितीतरी इमारती अजून तुरुंगाच्याच बांधणीच्या निघाल्या. आसामच्या माचांग लालुंगना १९५१ मध्ये पकडून तेजपूरच्या इस्पितळात घातलं आणि मग सगळे विसरले. ते सुटले २००५ मध्ये. चोपन्न वर्षं, खटला न चालवता. असल्या जागा माणसाला आणखी वेडं करत होत्या यात वाद नाही. पण त्याचबरोबर येरवाडी आठवा, तमिळनाडूतली. तिथल्या दर्ग्याजवळ चालवलेल्या खासगी आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, साखळीनं बांधलेली २८ माणसं पळू शकली नाहीत. त्यांना तिथं कुणी आणलं होतं? घरच्यांनीच. सरकारी खाट नाही, तालुक्याला डॉक्टर नाही, म्हणून माणसं दर्ग्यात जातात, गाणगापूरला आरतीच्या वेळी खांबाला लटकतात. अंधश्रद्धा म्हणून त्यांना हसणं सोपं आहे. मंगळवारच्या ओपीडीपेक्षा देवाचं दार जास्त वेळ उघडं असतं, एवढाच त्यातला हिशोब आहे. (कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेत मंगळवारी तालुका दवाखान्यांत मानसोपचारतज्ज्ञ येतात. योजना चांगली. आजारानंही तेवढं वेळापत्रक पाळावं.)

चीड येते ती यामुळे की रस्ता सापडलेला नाही असं नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच आवारात तंबू ठोकून रुग्णाबरोबर नातेवाइकांना राहायला लावलं. माणसं लवकर बरी होऊन त्याच नातेवाइकांच्या हाताला धरून घरी गेली. आमच्याच राज्यात बळ्ळारी जिल्ह्यात निमहान्सनं १९८५ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवून, गावपातळीवर गोळ्या पोचवून दाखवल्या. त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात सुरू झाला. कर्जतला डॉ. भरत वाटवानी रस्त्यावरच्या हजारो रुग्णांना उचलून, बरं करून, दुसऱ्या राज्यातल्या त्यांच्या घरापर्यंत पोचवून आले. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आपण सत्कार केला, शाल दिली आणि काम त्यांच्यावरच सोडून मोकळे झालो. सरकारनं करायचं ते एक डॉक्टर करतो, म्हणून त्याला पुरस्कार. जे करत नाहीत त्यांना पदोन्नती.

सरकारनं काय दिलं? १४४१६ हा टेलि-मानस मदतवाहिनीचा नंबर दिला, २०२२ मध्ये. फोन करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, हे खरं. पायरीवर झोपलेल्याकडे फोन नाही. आणि कायद्याच्या कलम ३१ नं सरकारला मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांवर न्यायला दहा वर्षं दिली. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते. आपल्याकडे लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही, पाऊणच्या आसपास आहे. उरलेल्या दिवसांत तिप्पट-चौपट करायचे आहेत. सचिवालयात कुणाच्या कॅलेंडरवर ही तारीख लाल शाईनं लिहिलेली असेल असं मला वाटत नाही.

जमिनीकडे मात्र सगळ्यांचं बारीक लक्ष आहे. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ठाणे-मुलुंडदरम्यानचं नवं रेल्वे स्थानक येतं आहे. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. स्थानक हवंच, ठाणेकरांचे हाल कोण नाकारेल? पण शंभर वर्षांपूर्वी गावाबाहेर म्हणून दिलेल्या या जागा आज शहरांच्या मधोमध आल्या आहेत, आणि ज्या दिवशी सातबाऱ्यावरची किंमत कळते त्या दिवसापासून ‘मोठी रुग्णालयं कालबाह्य झाली’ हा विचार अचानक फार लोकांना पटू लागतो. इथून पुढं कुठल्याही मनोरुग्णालयाची एक गुंठा जागा कुणी मागितली तर तिथल्या लोकांनी पहिला प्रश्न विचारावा, या पैशातून हाफवे होम कुठल्या तालुक्यात होणार? तालुक्याचं नाव मिळेपर्यंत गुंठा सोडू नये.

तोवर तुमच्या-माझ्या हातात एक गोष्ट आहे. पुढल्या वेळी दुकानाच्या पायरीवर असा कुणी दिसला तर बादली खाली ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. अधिकारी म्हणेल, आमचं काम नाही. त्याला २०१७ च्या कायद्याचं कलम १०० दाखवा. स्वतःची काळजी घेता न येणाऱ्या अशा माणसाला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन तपासायचं आहे, कोठडीत ठेवायचं नाही, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा आहे. नोंदीची प्रत मागून घ्या. चार दिवसांनी पुन्हा जा आणि तो माणूस कुठं आहे, ते विचारा.